दोन कार्डांवर ७,४०० पाउंड झालेत, ०% बॅलन्स ट्रान्सफर घ्यावं का? (यूके)

रीडिंगकर_८५
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण एकदाच सगळं सांगतो.

मी २०२२ ला स्किल्ड वर्कर व्हिसावर आलो, बायको आणि मुलगी डिपेंडंट. २०२४ च्या उन्हाळ्यात व्हिसा वाढवला तेव्हा कंपनीने फक्त माझं भरलं, त्या दोघींचं आमच्या खिशातून. हेल्थ सरचार्ज (व्हिसासोबत इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी, एनएचएससाठी, भरायचा आकार) बायकोचा वर्षाला १,०३५ आणि मुलीचा ७७६, आणि तीनही वर्षांचा आधीच एकदम भरावा लागतो म्हणजे ५,४३३ पाउंड एका क्लिकमध्ये, वर व्हिसा फी वेगळी. सगळं कार्डावर गेलं. मग डिसेंबरात भारताची तिकिटं, गाडीचं काम, असं करत करत आज एका कार्डावर ५,२०० आहेत (२४.९%) आणि दुसऱ्यावर २,२०० (३४.९%).

दोन्हीकडे मिनिमम डायरेक्ट डेबिट लावलाय, महिन्याला मिळून २३० च्या आसपास जातात. मला वाटत होतं चाललंय की व्यवस्थित, एकही पेमेंट चुकलेलं नाही. आणि आता बँकेचं पत्र आलंय की गेल्या १८ महिन्यांत तुम्ही मुद्दलापेक्षा व्याज आणि चार्जेस जास्त भरलेत, हप्ता वाढवा. बायकोने पत्र वाचलं आणि घरात दोन दिवस शांतता.

ऑफिसातला एक जण म्हणतो २८ महिने ०% चं बॅलन्स ट्रान्सफर कार्ड घे, फी ३.२%. हे खरंच ०% असतं का? यात गोम काय? आणि आयएलआरच्या (इथे कायम राहण्याच्या परवानगीच्या) वेळी या कर्जाचा त्रास होतो का? भारतात एनआरई (अनिवासी भारतीयांच्या खात्यातली) एफडी आहे ६ लाखांची, पण ती आईबाबांच्या दवाखान्यासाठी म्हणून बाजूला ठेवलीय, ती मोडायचं मन होत नाही.

सगळं_ऐकून_घेतो
अंथरूण पाहून पाय पसरावे एवढंच म्हणेन. आमच्या वेळी कार्ड नव्हती तरी संसार झाले. डिसेंबरातली तिकिटं कर्जावर काढायची काय गरज होती.

हॅरोची_सून
@सगळं_ऐकून_घेतो काका, हेल्थ सरचार्जला कुठलं अंथरूण पुरतं ते पण सांगा ना. त्याने सल्ला विचारलाय, कीर्तन नाही.

हिशोबनीस
हो, खरंच ०% असतं, पण नीट समजून घे. नवीन बँक तुझ्या जुन्या कार्डाची बाकी परस्पर फेडते आणि तेवढं कर्ज आपल्या कार्डावर घेते. ठरलेले महिने त्यावर व्याज नाही, फी मात्र पहिल्याच दिवशी बाकीत मिळवली जाते. म्हणजे कर्ज तेवढंच राहतं, उलट फीएवढं वाढतं, थांबतं ते फक्त व्याज.

आता तुझा हिशोब. आत्ता दोन्ही कार्डांवर मिळून महिन्याला दीडशेच्या वर नुसतं व्याज बसतंय. तू भरतोस २३०, म्हणजे मुद्दल हलतं पंच्याहत्तरने. बँकेने पत्र पाठवलं ते म्हणूनच, इथे एफसीएचा (बँकांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचा) नियम आहे, १८ महिने असं चाललं की बँकेला कळवावंच लागतं, आणि आणखी १८ महिने असंच राहिलं तर लवकर फेडायची योजना पुढे ठेवावी लागते आणि तू काहीच उत्तर दिलं नाहीस तर कार्डच थांबवतात. पत्राला घाबरू नको, पण ड्रॉवरमध्ये पण टाकू नको.

७,४०० वर ३.२% फी म्हणजे २३७ पाउंड, तुझं दोन महिन्यांचं व्याज पण नाही एवढं. फी धरून ७,६३७ ला २८ ने भाग, महिना २७३ येतात. आज भरतोस त्यापेक्षा ४३ च जास्त आणि २८ महिन्यांत पाटी कोरी. आत्ताच्या मिनिममने किती वर्षं लागतील ते स्टेटमेंटवर छापलेलं असतं बघ, एकदा बसून वाचच.

गोम इथे आहे. नवीन कार्डाचं मिनिमम पण ते असंच छोटं दाखवणार, सत्तर ऐंशी पाउंड, आणि व्याज नाही म्हटल्यावर माणूस तेवढंच भरत राहतो आणि २८ महिने संपले की पाच साडेपाच हजार तसेच शिल्लक आणि त्यावर पुन्हा २५%. तेव्हा डायरेक्ट डेबिट मिनिममवर न ठेवता फिक्स्ड अमाउंटवर टाक, २७३, पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. हे जमणार नसेल तर कार्ड घेऊ नको, आजचं मरण उद्यावर एवढंच होईल.

मिल्टनकीन्सवाला
वरचं सगळं बरोबर पण सगळे ७,४०० एका कार्डावर बसतील हे धरून चालू नका. लिमिट किती देणार ते अर्ज केल्यावरच कळतं, आणि बहुतेक बँका लिमिटच्या ९०-९५% पर्यंतच ट्रान्सफर करू देतात, त्यातच फी. आणि "अप टू २८ मंथ्स" मधलं ते अप टू नीट बघा. माझ्या शेजाऱ्याला २८ चं कार्ड म्हणून हातात १५ महिन्यांचं पडलं. जाहिरातीतला जो रिप्रेझेंटेटिव्ह एपीआर (वर्षाचा व्याजदर) असतो तो सुद्धा मंजूर झालेल्यांपैकी निदान ५१% लोकांना दिला की पुरे असा नियम आहे, उरलेल्या ४९ मध्ये आपण असू शकतो.

म्हणून आधी एलिजिबिलिटी चेकर वापरा. तो सॉफ्ट सर्च असतो, तुम्ही सोडून इतर कुणाला दिसत नाही. थेट चार ठिकाणी अर्ज टाकत सुटलात तर चार हार्ड सर्च (रिपोर्टवर इतर बँकांनाही दिसणाऱ्या नोंदी) लागतील आणि पाचवा बघणारा म्हणेल हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय.

अजून एक, ज्या बँकेचं जुनं कार्ड आहे त्याच बँकेच्या किंवा त्याच ग्रुपच्या कार्डावर ट्रान्सफर होत नाही. इथे नावं वेगळी आणि मालक एक असा प्रकार भरपूर आहे, आधी बघून घ्या.

हॅरोची_सून
रीडिंगकर दादा, इलेक्टोरल रोलवर नाव आहे का तुमचं? आपल्या बऱ्याच लोकांना माहीतच नसतं, भारतीय पासपोर्ट असला तरी आपण कॉमनवेल्थ नागरिक, व्हिसावर राहणाऱ्याला पण इथे मतदार यादीत नाव घालता येतं आणि मत पण देता येतं. फायदा असा की क्रेडिट एजन्सीवाले पत्ता त्यावरूनच पडताळतात. ऑनलाइन फॉर्म आहे, नॅशनल इन्शुरन्स नंबर लागतो, चहा गार व्हायच्या आत होतं. ते करा, एक्सपेरियन वगैरे एजन्सींच्या रिपोर्टवर दिसायला लागलं की मगच अर्ज करा. भारतातला सिबिल कितीही चांगला असू दे, इथल्या कार्डवाल्यांना त्याचा उपयोग नाही.

वहिनींच्या नावाने वेगळं कार्ड काढायचं डोक्यात असेल तर इथे जॉइंट क्रेडिट कार्ड नसतं. आणि नुसतं लग्न झालंय म्हणून दोघांचे क्रेडिट रिपोर्ट जोडले जात नाहीत, जॉइंट अकाउंट किंवा मॉर्गेज असेल तर जोडले जातात.

स्लाव_फास्ट
आयएलआरचं मी सांगतो कारण हा प्रश्न दर महिन्याला कुणीतरी विचारतं. नियमित भरत असलेल्या कार्डाच्या कर्जामुळे आयएलआर अडत नाही. अडू शकतं ते एनएचएसचं ५०० पाउंड किंवा जास्त बिल थकलं असेल तर. पुढे सिटिझनशिपला दिवाळखोरी वगैरे बघतात, त्याच्याशी तुझा काय संबंध. पण पैशाचा विचार कर, २०२५ च्या एप्रिलपासून आयएलआरची फी माणशी ३,०२९ होती, तिघांचे नऊ हजारांवर जातात. नियम बदलायचं चाललंय ते वेगळंच. त्याच्या आत हे कार्ड रिकामं झालं नाही तर घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

एफडीबद्दल माझं मत, मोड सरळ. तिकडे ७% मिळवायचे आणि इकडे ३४.९% भरायचे हा कुठला हिशोब? ६ लाख म्हणजे पाच हजार पाउंड आले की. एनआरईचे पैसे इकडे आणायला काही अडचण नाही.

हिशोबनीस
@स्लाव_फास्ट आज त्याचं कर्ज २५-३५% वर आहे तोपर्यंत तुझं बरोबर. पण एकदा ०% वर गेलं की गणित उलटं होतं. बिनव्याजी कर्ज फेडायला ७% ची एफडी मोडण्यात काय अर्थ आहे? ती राहू दे, आईबाबांसाठी पण आणि नोकरीला काही झालं तर २८ महिन्यांतले काही हप्ते भरायला पण. एफडी मोडायचीच असेल तर जे ०% वर बसणार नाही तेवढ्यापुरती. आणि एनआरई एफडी वर्षाच्या आत मोडली तर व्याज शून्य मिळतं, तारीख बघ.

आणि ते एनआरईचं व्याज भारतात करमुक्त आहे, इथे नाही. एप्रिल २०२५ पासून नव्याने आलेल्यांना परदेशी उत्पन्नावर जी चार वर्षांची करसवलत आहे तीत बसत असशील तर वेगळं, पण ती सवलत पण मागावी लागते, आपोआप नाही.

पुण्यातून_बघतोय
इकडे असं काही मिळतं का हो? कोथरूडात बसून तुमचे २८ महिने वाचून पोटात दुखलं.

मिल्टनकीन्सवाला
@पुण्यातून_बघतोय भारतात बॅलन्स ट्रान्सफर असतं पण बहुतेक ते ईएमआयवर, व्याज थोडं कमी आणि प्रोसेसिंग फी, वर त्या फीवर आणि व्याजावर १८% जीएसटी. जे ०% दिसतं ते दोन-तीन महिन्यांचं. पण तिकडे कार्डाचं व्याजच महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या पुढे असतं, तेव्हा साधं पर्सनल लोन काढून कार्ड मिटवलं तरी निम्म्याने सुटका होते.

रीडिंगकर_८५
सगळ्यांचे आभार, काकांचे पण 🙂 मतदार यादीत नाव नव्हतंच, दोघांची टाकली. ते रिपोर्टवर दिसायला लागल्यावर परवा सॉफ्ट चेक केला. सगळ्यात बरं जे दिसतंय ते २८ महिने नक्की (अप टू नाही), फी ३.२%, लिमिट ४,५०० दाखवतंय. म्हणजे फी वजा जाता ४,३६० च हलवता येतील. आधी मोठं कार्ड हलवायचं की छोटं? बायको म्हणते मोठं, म्हणजे डोक्यावरचं ओझं कमी झाल्यासारखं वाटेल. आणि ओव्हरड्राफ्टमध्ये पण ३०० आहेत, ते सांगायचं राहिलं.

हिशोबनीस
वहिनींना नमस्कार सांग पण आधी ३४.९% चं. ते २,२०० पूर्ण हलव, उरलेल्या जागेत २४.९% मधले २,१६०. मग जुन्या कार्डावर ३,०४० राहतील. व्याज महिन्याला दीडशेवरून सत्तावन्न-अठ्ठावन्नवर येईल. आणि हे ३,०४० आहेत ना, इथे स्लाव_फास्टचं ऐक, अर्धी एफडी या कामाला आण, अडीच हजार येतील. राहिलेले पाच-सहाशे चार-पाच महिन्यांत उडतात. नवीन कार्डावर ४,५०० भागिले २८ म्हणजे १६१ चा फिक्स्ड डायरेक्ट डेबिट, २७३ मधले बाकी ११२ जुन्यावर. ते संपलं की पूर्ण २७३ नवीनवर.

ओव्हरड्राफ्टचे ३०० बॅलन्स ट्रान्सफरने जात नाहीत, त्याला मनी ट्रान्सफर कार्ड (जे पैसे थेट बँक खात्यात टाकतं ते) लागतं आणि त्याची फी जास्त. तीनशेसाठी नको त्या भानगडीत पडू, पण बहुतेक बँका ओव्हरड्राफ्टला ४०% च्या जवळपास लावतात, म्हणजे तुझ्याकडचं सगळ्यात महाग कर्ज तेच आहे. एफडीचे पैसे आले की पहिले तीनशे तिकडे, मग जुन्या कार्डाला वर सांगितल्यापेक्षा तीनेक महिने जास्त लागतील.

हॅरोची_सून
दोन गोष्टी कुणी सांगत नाही. ट्रान्सफर झाल्यावर २,२०० वालं कार्ड शून्य दिसतं आणि आपण डायरेक्ट डेबिट बंद करून मोकळे होतो, पण मागच्या स्टेटमेंटपासून ट्रान्सफरच्या दिवसापर्यंतचं व्याज पुढच्या महिन्यात येतं, चाळीस-पन्नास पाउंड. ते राहिलं की लेट पेमेंट आणि तो डाग सहा वर्षं. ऑनलाइन शून्य दिसलं तरी आणखी दोन स्टेटमेंट येऊ द्या. दुसरं, ०% हे बहुतेक कार्डांवर पहिल्या ६० किंवा ९० दिवसांत केलेल्या ट्रान्सफरलाच असतं, कार्ड आल्यावर ड्रॉवरमध्ये ठेवू नका.

आणि नवीन कार्डाने खरेदी करू नका, टेस्कोमधल्या किराण्याची सुद्धा नाही. ०% ट्रान्सफरला आहे, खरेदीला असेलच असं नाही.

रीडिंगकर_८५
आणि एखादा हप्ता चुकला तर?

मिल्टनकीन्सवाला
बहुतेक ठिकाणी १२ पाउंड दंड आणि ०% ऑफर काढून घ्यायचा त्यांना हक्क. म्हणून डायरेक्ट डेबिट. नोकरी वगैरे गेली आणि खरंच भरणं शक्य नसेल तर चुकायच्या आधी बँकेला फोन करायचा, आणि स्टेपचेंज किंवा नॅशनल डेटलाइनला, या कर्जाचा सल्ला देणाऱ्या संस्था, दोन्ही फुकट आहेत. गूगलवर "डेट हेल्प" टाकल्यावर वर जे पैसे घेणारे येतात त्यांच्याकडे अजिबात नाही.

रीडिंगकर_८५
अर्ज केला, ४,५०० च मंजूर झालं. एफडीला चौदा महिने झालेत म्हणजे व्याज बुडणार नाही, थोडं कापतील. पण ऑनलाइन अर्धी मोडता येत नाही म्हणतायत, अख्खी मोडून तीन लाखांची नवीन करायची. आईला आज सांगतो.