जुन्या फियाटच्या टेललाइटच्या फ्रेमवर परत क्रोम करायचंय, नागपुरात कोणी करून देतं का?

नमस्कार मंडळी, काकांची १९७१ ची फियाट ११०० डिलाइट आता माझ्याकडे आहे. इंजिन मस्त चालू आहे, पत्रा-रंगाचं काम झालं, फक्त बाहेरचे लाइट राहिलेत आणि तिथंच सगळं अडकून राहिलंय. ५० वर्षं उलटली म्हणून २०२१ च्या नियमात व्हिंटेज नोंदणी करायची आहे (प्लेटवर व्हीए येतं ती), त्यात गाडी मूळ रूपात पाहिजे, पण नियम नसता तरी मी डुप्लिकेट लावले नसते. मागच्या पंखांच्या टोकाला ते उभे दिवे नसले तर ती गाडी काय दिसणार सांगा.

मुख्य अडचण फ्रेमची. चुंबक चिकटत नाही, हाताला जड लागते, क्रोमवर बारीक फोड आलेत आणि फोडात सुई घातली की आतून पांढरी भुकटी निघते. म्हणजे लोखंड-पितळ काही नाही, मझाक आहे, जस्ताची डायकास्टिंग. इथल्या एका निकलवाल्याकडे नेली तर म्हणे ठेवून जा भाऊ, तेजाबात टाकून जुनं क्रोम काढतो आणि उद्या चमकवून देतो. मी तशीच उचलून घरी आणली. लोखंडी बंपरला ते चालतं हो, पण जस्त तेजाबात विरघळतं, फोडांचे खड्डे होतील आणि स्क्रूचे कान पातळ होऊन तुटतील.

मी वाचलं-विचारलं त्याप्रमाणे खड्डे आधी कोरून साफ करायचे, मग सायनाइड कॉपरचा (सायनाइडच्या द्रावणातून चढवलेल्या तांब्याचा) पातळ थर, मग कमी तापमानाच्या डागाने (सोल्डरने) खड्डे भरायचे (मझाक ४०० डिग्रीच्या आतच वितळतो, गॅस वेल्डिंगचं नावच नको), घासून सपाट, परत तांबं, मग निकल आणि शेवटी क्रोम. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत एवढे दोनच नग घेऊन हे करणारं कोणी आहे का? पैशाची घाई-कुरकूर नाही, काम नीट पाहिजे.

दुसरं, लाल काचा धुरकट झाल्यात, प्लास्टिकच्याच आहेत, कशाने घासू? आणि ब्रेक दाबला की डावीकडचा इंडिकेटरही मंद पेटतो, बल्ब नवीन टाकले तरी तेच.

प्रतिसाद १:
भाऊ, इंडिकेटरचं दुखणं अर्थिंगचं आहे. नवीन रंग मारलाय ना, मग फ्रेमच्या स्क्रूखाली रंग बसला आणि करंटला परत जायला रस्ता नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बमधून वाट काढून राहिलाय. स्क्रूखालचा रंग खरवडा, नाहीतर होल्डरपासून वेगळी काळी वायर काढून डिक्कीत बॉडीच्या बोल्टला कसून टाका. मी वायरच टाकतो, नवा रंग खरवडायला जीव होत नाही.

प्रतिसाद २:
काचेला थिनर-पेट्रोल चुकूनही लावू नका, ॲक्रिलिकला जाळीसारखे तडे जातात. पाण्यासोबत १००० चा वॉटर पेपर, मग १५००, मग २०००, नंतर रबिंग कंपाउंड मऊ कापडाने. तडे वरवरचे असतील तर निघतात, आरपार असले तर नाही. क्रोमवाल्याला एकच विचारा, पहिला थर कशाचा देतो? सायनाइड कॉपर म्हणाला तरच पुढे बोला. आणि सांगून ठेवा की बफिंग हलक्या हाताने, नाहीतर फ्रेमच्या कडा गोल होतात आणि रबर नीट बसत नाही, पहिल्याच पावसात आत पाणी.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. काळी वायर आज संध्याकाळीच टाकतो. उजवी काच घासून निघेल असं वाटतं, डावीला कोपऱ्यात आरपार तडा आहे. मुंबईच्या चोर बाजारात किंवा कुठं कोणाच्या गॅरेजात डावी काच पडून असेल तर कळवा, रंग उडालेला चालेल, फक्त मूळची पाहिजे. क्रोमवाल्याचा पत्ता अजूनही हवाच आहे.