ऑफिसात ठाम बोललात तेव्हा नेमकं काय म्हणालात?

मिटिंगचा वृत्तांत कोण लिहिणार, निरोप समारंभाची वर्गणी कोण गोळा करणार असा प्रश्न आला की नजरा बायकांकडेच वळतात. ठामपणा सरावाने येतो असं मी अगदी मनापासून मानते. म्हणून इथे तुमची वाक्यं हवी आहेत, कारण ऐन वेळी सुचत नाहीत ती तीच. पद, क्षेत्र कुठलंही चालेल.

हिंजवडी, आयटी
"आज मी लिहिते, पुढच्या वेळेपासून पाळी लावू या. पुढचा नंबर कुणाचा?" एवढंच हसतमुखाने विचारलं आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहिले. ती शांतता भरून काढायची नाही, हे सगळ्यात अवघड. कुणी मधेच तोडलं तर "माझं वाक्य पूर्ण करते, मग तुमचं ऐकते." मैत्रिणीशी ठरवून ठेवलंय, एकीला तोडलं की दुसरी म्हणते, "तिचं राहिलंय बोलायचं."

स्टाफ नर्स, नाशिक
डबल ड्यूटीला नाही म्हणताना कारण देत नाही. "सासूबाई आजारी आहेत" म्हटलं की "मग मिस्टर नाहीत का घरी?" असं सुरू होतं आणि आपण स्पष्टीकरणं देत बसतो. "मॅडम, उद्याची नाइट मला जमणार नाही. रविवारची करू शकते." बस.

ग्रामपंचायत, सातारा जिल्हा
आमच्याकडे निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, पण सहीचे कागद यायचे नवऱ्याच्या हातात. मी सरपंच झाल्यावर ग्रामसेवक भाऊसाहेबांना सांगितलं, "प्रोसिडिंग माझ्यासमोर वाचा, मग सही." मासिक सभेत ठराव मोठ्याने वाचायला लावते. वेळ लागतो, लागू दे.

अकाउंट्स, ठाणे
वरिष्ठांच्या घाणेरड्या विनोदावर सगळ्यांदेखत म्हणाले, "हे मला चालत नाही. पुन्हा बोलू नका." त्याच संध्याकाळी तारीख, वेळ, हजर माणसं लिहून स्वतःला मेल केला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने 10 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, आणि लेखी तक्रार साधारण 3 महिन्यांत करायची असते. छोट्या ठिकाणच्या बायकांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, हे फार जणींना माहीतच नसतं.

कंत्राटी, पॅकिंग विभाग, चाकण
एकटी बोलले तर पुढच्या महिन्यात गेटपास मिळणार नाही. म्हणून शिफ्टमधल्या सगळ्या मिळून सुपरवायझरकडे गेलो. "साहेब, बाथरूमला कुलूप नको." कोण पुढे होतं ते त्यांना कळलंच नाही. कुलूप निघालं.

शिक्षिका, लातूर
नर्सताई, मॅडमसमोर हे कसं जमतं? माझी जीभच अडखळते.

स्टाफ नर्स, नाशिक
घरी तेच वाक्य मोठ्याने म्हणून बघते. आणि उभी राहूनच बोलते. खुर्चीत बसले की मॅडम चहा मागवतात आणि विषय बाजूला पडतो.