मानवी कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज २ : कोणतं रिकॉम्बिनंट प्रोटीन घ्यावं?

पिपेटकर :
इनहिबिटर (एन्झाइमचं काम रोखणारी संयुगं) तपासायला मानवी कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज २ हे एन्झाइम हवंय (कार्बन डायऑक्साइडचं बायकार्बोनेट करणारं, गाभ्यात झिंक असलेलं). ९६ वेलची प्लेट, सबस्ट्रेट पॅरा-नायट्रोफिनाइल अ‍ॅसिटेट, तो तुटला की पिवळं नायट्रोफिनॉल सुटतं, त्याचं वाचन ४०५ नॅनोमीटरला. एक विक्रेता ई. कोलाय जिवाणूत बनवलेलं देतो, हिस्टिडिन टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेली शेपटी) असलेलं, अल्ब्युमिन घालून किंवा न घालता. दुसऱ्याचं एचईके या मानवी पेशींमधलं, टॅगशिवाय, पण बरंच महाग. शुद्धता दोघांची ९५ टक्क्यांवर. कोणतं घ्यावं?

झिंकवाला :
ई. कोलायमधलं. हे एन्झाइम पेशीद्रवातलं. त्याला साखरेच्या साखळ्या नसतात, डायसल्फाइड बंधही नाहीत (सिस्टीन एकच, २०६ क्रमांकाचं). एचईकेचे जादा पैसे कशासाठी? कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज ९ असतं तर गोष्ट वेगळी, त्यात या दोन्ही गोष्टी असतात.

अल्ब्युमिनवालं मात्र नकोच. एरवी पातळ प्रोटीन टिकवायला ते उत्तम, पण अल्ब्युमिन स्वतःच पॅरा-नायट्रोफिनाइल अ‍ॅसिटेट तोडतं. इनहिबिटर कितीही टाका, रंग येतच राहील. इमिडाझोलचंही तेच. निकेल कॉलमवरून इमिडाझोलने उतरवलेलं प्रोटीन नीट डायलाइझ केलेलं (म्हणजे पडद्यातून इमिडाझोल काढून टाकलेलं) आहे ना, हे विचारून घ्या. जंतू वाढू नयेत म्हणून घालतात त्या सोडियम अझाइडची खोड उलटी : ०.०२ टक्के म्हणजे जवळपास ३ मिलिमोलर, आणि अझाइड याच एन्झाइमचं इनहिबिटर आहे. अ‍ॅसेच्या बफरमध्ये ते घालू नका.

शुद्धतेच्या आकड्यावर जाऊ नका. झिंक नसलेलं मेलेलं एन्झाइमही जेलवर तितकंच देखणं दिसतं. त्या लॉटची अ‍ॅक्टिव्हिटी मागा, आणि युनिट कोणतं तेही बघा. विल्बर-अँडरसन युनिट कार्बन डायऑक्साइडवर मोजतात, दुसरं एस्टरवर, म्हणजे तुमच्या सबस्ट्रेटसारख्या संयुगावर. दोन्हींची तुलना होत नाही.

बफर७५ :
वरच्याशी सहमत. आता मांडणी.

कुपी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पावडर तळाला आणा. विरघळवताना ०.१ मिग्रॅ/मिलीच्या खाली जाऊ नका, व्हॉर्टेक्स नको, १०-२० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० ला. सांद्रता २८० नॅनोमीटरवर स्वतः मोजा : वजन सुमारे २९ किलोडाल्टन, १ मिग्रॅ/मिलीला शोषण साधारण १.९.

बफर ५० मिलिमोलर हेपेस, पीएच ७.५. वेलमध्ये ०.४ मायक्रोमोलर एन्झाइम १०० मायक्रोलिटर, इनहिबिटरसह १५ मिनिटं ठेवा. सबस्ट्रेटचा १०० मिलिमोलर साठा कोरड्या अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये. तो ऐन वेळी थंड पाण्यात ५० पट पातळ करून १०० मायक्रोलिटर घाला. गढूळ दिसला तर फेकून द्या. एन्झाइम नसलेली वेल दर प्लेटमध्ये हवीच, कारण सबस्ट्रेट आपोआपही तुटतो.

पीएचकडे विशेष लक्ष द्या. नायट्रोफिनॉलचा पीकेए (ज्या पीएचला निम्मं पिवळ्या रूपात असतं तो) ७.१५ आहे. ७.५ ला सुमारे ७० टक्केच पिवळ्या रूपात असतं, ७.३ ला ५९. म्हणजे बफर जरा घसरला की एन्झाइम मंदावल्याचा भास होतो. प्रमाणित वक्र त्याच बफरमध्ये काढा, किंवा क्युव्हेटमध्ये ३४८ नॅनोमीटरला वाचा. तिथे पीएचचा फरक पडत नाही.

झिंकवाला :
एक राहिलं. वेलमध्ये एन्झाइम ०.२ मायक्रोमोलर, म्हणजे आयसी-५० (एन्झाइमचं काम निम्मं करणारी इनहिबिटरची सांद्रता) हा १०० नॅनोमोलरखाली दिसूच शकत नाही. अ‍ॅसिटाझोलामाइड या नेहमीच्या इनहिबिटरचा केआय (घट्ट बसण्याचं माप, जितकं कमी तितकं घट्ट) १० नॅनोमोलरच्या आसपास आहे. घट्ट बसणाऱ्या इनहिबिटरसाठीचं मॉरिसन समीकरण वापरा, नाहीतर सगळी चांगली संयुगं सारखीच दिसतील.

पिपेटकर :
अल्ब्युमिन नसेल तर पातळ केलेलं एन्झाइम प्लास्टिकला चिकटणार नाही का? आणि अ‍ॅक्टिव्हिटी कमी निघाली तर झिंक घालू?

बफर७५ :
चिकटतं. लो-बाइंड ट्यूब आणि ०.०१ टक्के ट्वीन-२० घ्या, पातळ केलेलं त्याच दिवशी वापरा.

झिंक सल्फेट घाला, पण एन्झाइमइतक्याच मोलमध्ये, आणि फॉस्फेट बफरमध्ये नाही, साका बसतो. टॅगही थोडं झिंक धरून ठेवतो, म्हणून तासाभराने पुन्हा मोजा. वाढलं नाही तर लॉट परत करा. पद्धत बसवायला तोवर गाईच्या रक्तपेशींमधलं कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज चालेल, ते स्वस्त पडतं.