मदत हवी आहे: ८८एच च्या जागी ८४टी टायर चालतील का? (अर्टिगा सीएनजी)

नमस्कार मंडळी, गाडीचे चारही टायर बदलायला आलेत. आत्ता १८५/६५ आर१५ ८८एच आहेत. टायरवाला म्हणतोय हा साइज स्टॉकमध्ये नाही, १८५/६० आर१५ ८४टी टाकून देतो, रिम तीच लागते, काही फरक पडत नाही, भावही कमी लावतो. मला काही पटेना म्हणून इथे विचारतोय.

मला समजलंय ते असं, की ८८ आणि ८४ हा लोड इंडेक्स, पण ते किलो नव्हेत, त्याचं कोष्टक असतं, ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो आणि ८४ म्हणजे ५००. पुढचं अक्षर स्पीडचं, टी म्हणजे ताशी १९० किमी, एच म्हणजे २१०. स्पीडचं मला एवढं टेन्शन नाही, समृद्धीवर कारला लिमिटच १२० आहे. भीती आहे ती वजनाची. मे महिन्यात घरची सात माणसं घेऊन नागपूरहून समृद्धीने नाशिकला जायचंय, आईबाबा पण आहेत, सामान आहेच. टायरवाल्याचं गणित सोपं, ५०० चोक २०००, तुमची गाडी भरली तरी तेवढी होत नाही. पण सीएनजीची टाकी मागे, तिसरी सीट मागे, बॅगा पण मागेच, मग वजन चार टायरवर सारखं कुठे पडतंय? आणि उन्हाळ्यात हवा दोन-तीन पॉइंट कमी ठेवा असंही तो सांगतो, ते बरोबर आहे का? जाणकारांनी प्लीज सांगा.

उत्तर:
दादा, ८४ अजिबात टाकू नका. मागच्या टायरचं तुम्ही म्हणताय ते अगदी बरोबर आहे, एकूण बेरीज बसली म्हणून मागची जोडी सेफ होत नाही. लोड इंडेक्स कंपनीने दिलाय तेवढा किंवा त्याच्या वरचा, खाली कधीच नाही. शिवाय १८५ नंतरचा ६५ किंवा ६० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते, म्हणून ६० च्या टायरची उंची कमी, गाडी साधारण ९ मिमी खाली बसणार आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त दाखवणार. स्पीडचंही एचच बघा, ते रेटिंग म्हणजे टायर किती उष्णता सोसतो त्याचाच अंदाज असतो, आणि मे महिन्यात विदर्भातल्या उन्हात तासन्‌तास काँक्रीटवर पळायचंय.

हवेचा सल्ला तर सरळ उलटा आहे. हवा कमी की टायरची बाजू जास्त दबते, जास्त तापते आणि तिथूनच फुटतो. ते ५६० किलोसुद्धा हवा पुरेशी असली तरच. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावर फुल लोडचा आकडा वेगळा दिला असेल तर तोच धरा, आणि हवा सकाळी टायर थंड असताना चेक करा. स्टेपनीची पण.

दुसऱ्या दुकानात फोन केलात तर नुसतं अर्टिगाचे टायर म्हणू नका, १८५/६५ आर१५ ८८एच असं पूर्ण सांगा. आणि बसवायच्या आधी टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे बघा, ते कधी बनला ते सांगतात, २३२५ असेल तर २०२५ च्या २३ व्या आठवड्यातला माल.