बागायतदार निवडला तरी मेन विंडोत नाव येत नाही

आंबेवाला_देवगड:
नमस्कार मंडळी. मामा बागायतदारांकडून आंबा घेऊन वाशीला पाठवतो, त्याच्यासाठी सी शार्प विनफॉर्म्समध्ये (विंडोजचे प्रोग्राम बनवायचं साधन) छोटं बिलिंग करतोय. मेन फॉर्मवर "बागायतदार शोधा" बटण आहे, ते दाबलं की दुसरी विंडो उघडते, तिथे ग्रिडमधून नाव निवडून ओके केलं की ते मेन फॉर्मच्या टेक्स्टबॉक्समध्ये यायला पाहिजे. येत नाही, एरर पण नाही. दुसऱ्या विंडोत न्यू करून मेन फॉर्म घेतला, टेक्स्टबॉक्स पब्लिक केला, ब्रेकपॉइंट लावून (प्रोग्राम मध्येच थांबवून) बघितलं तर व्हॅल्यू बरोबर बसतेय पण स्क्रीनवर बॉक्स कोराच. दोन रात्री गेल्या (त्यात लाइट दहादा जाते), पेट्या सुरू व्हायला आल्या आणि मामा रोज विचारतो झालं का.

मालवणी_कोडर:
अरे न्यू केलंस मां, थंयच घोळ झालो. न्यू म्हणजे दुसराच मेन फॉर्म तयार झाला, फक्त मेमरीत, दाखवलेला नाही. दोन पेट्या दिसायला सारख्या, आंबे भरलेस एकीत आणि उघडून बघतोस दुसरी.
शोधाच्या विंडोला मेन फॉर्म माहीतच असायला नको. तिच्यात एक पब्लिक प्रॉपर्टी (बाहेरून वाचता येणारी व्हॅल्यू) ठेव, ओकेवर ती भर आणि डायलॉगरिझल्टला (विंडो परत देते ते उत्तर) ओके दे, विंडो आपोआप बंद होते. मेन फॉर्ममध्ये शोडायलॉगने उघड (ती बंद होईपर्यंत मेन फॉर्म थांबून राहतो), उत्तर ओके आलं तरच प्रॉपर्टी वाच. शोडायलॉगवाला फॉर्म बंद झाला तरी डिस्पोज होत नाही (मोडीत निघत नाही) म्हणून नंतरही वाचता येतं, आणि म्हणूनच सगळं युझिंग ब्लॉकमध्ये टाक, काम संपलं की तो आपोआप डिस्पोज करतो.

किनारा७७:
एवढं कशाला, स्टॅटिक व्हेरिएबल (सगळ्या विंडोंना मिळून एकच) कर, २ मिनिटांचं काम.

मालवणी_कोडर:
नको रे. दोन बिलं एकदम उघडी असली की एकाचं नाव दुसऱ्याच्या बिलावर जातं. मी हे केलंय आणि शिव्या पण खाल्ल्यात.

रत्नांग्री_बॉय:
आणि नाव नको, आयडी पाठव. आमच्या वाडीत एकाच नावाआडनावाचे तिघे आहेत, बापाचं नाव विचारल्याशिवाय कळत नाही कोण ते. शोधाची विंडो सतत उघडी ठेवायची असेल तर मात्र शो वापर आणि इव्हेंट कर, निवडलं की विंडो इव्हेंट फायर करेल, मेन फॉर्म ऐकेल.

आंबेवाला_देवगड:
झालं!! आयडीच पाठवला. मध्ये कॅन्सल केलं की आधीचं नाव पुसलं जात होतं, बघतो तर ओकेचं चेकिंगच विसरलेलो. आता प्रिंटरवर मराठी नावांच्या जागी चौकोन येतायत, त्याचा वेगळा धागा काढतो.