मदत हवी आहे: पिल्लू गुरगुरते आणि चावते, तातडीने उपाय सांगावा

सांजवेळ:
आमच्या घरी कुत्र्याचे पिल्लू आहे आणि ते अत्यंत आक्रमक झाले आहे. खात असताना जवळ गेले की गुरगुरते, गळ्यात पट्टा घालू देत नाही, संध्याकाळी तर हात, पाय, कपडे, जे सापडेल त्यावर तुटून पडते आणि काल त्याने माझ्या मुलीच्या पोटरीला चावा घेतला. रागावून पाहिले, नाकावर टिचकी मारून पाहिली, अंधाऱ्या खोलीत एकटे ठेवून पाहिले. प्रत्येक वेळी ते अधिकच चवताळते. दोन आठवडे हाच प्रकार चालू आहे आणि आता घरात त्याला परत देऊन टाकण्याची भाषा सुरू झाली आहे. मला त्याला परत द्यायचे नाही. कृपया आजपासून करता येईल असा उपाय सांगावा. ‘सगळीच पिल्ले चावतात’ हे मी पुष्कळ वेळा ऐकले आहे, तेवढे उत्तर मात्र नको.

पाऊलखूण:
तुमची काळजी समजते, परंतु तुम्ही दिलेल्या माहितीवरून कोणीही जबाबदारीने उपाय सांगू शकणार नाही. पिल्लाचे वय नेमके किती आठवडे आहे? आईपासून ते कोणत्या वयात वेगळे झाले? मुलीचे वय काय आणि चाव्यातून रक्त आले का? ते खात असताना तुम्ही त्याच्याजवळ कशासाठी जाता? शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, लसीकरण कुठपर्यंत आले आहे?

जुना_शिलेदार:
गेली पंचवीस वर्षे माझ्या घरी कुत्री आहेत, म्हणून अनुभवावरून सांगतो. कुत्रा हा कळपात राहणारा प्राणी आहे आणि घराच्या कळपात आपले स्थान सर्वांच्या खाली आहे हे त्याला पहिल्या महिन्यातच कळावे लागते. गुरगुरला की त्याला पाठीवर पाडावे आणि शांत होईपर्यंत छातीवर हात ठेवून तसेच धरून ठेवावे. आधी माणसांनी जेवावे, मग त्याला द्यावे, आणि दारातूनही आधी माणसांनीच बाहेर पडावे. आज लाड कराल तर वर्षभराने हेच पिल्लू तीस किलोचे होईल आणि तेव्हा त्याला आवरणे तुमच्या हातात राहणार नाही.

कवडसा:
शिलेदार, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, परंतु हा सल्ला या पिल्लासाठी धोकादायक आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. कळपातील वर्चस्वाची ही कल्पना प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांवर केलेल्या निरीक्षणांतून पसरली आणि ते लांडगे बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेले होते. रानातील लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईवडील आणि त्यांची पिल्ले असे कुटुंबच असते, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी 1999 मध्ये सविस्तर मांडले, आणि तेच पूर्वी वर्चस्वाच्या या कल्पनेचा प्रसार करणाऱ्यांपैकी एक होते. 2009 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी कुत्र्यांच्या मालकांना कोणत्या उपायावर कुत्र्याने कसा प्रतिसाद दिला हे विचारले, तेव्हा मारण्याचा किंवा लाथ मारण्याचा मार्ग वापरलेल्यांपैकी 43 टक्के आणि पाठीवर पाडून धरणाऱ्यांपैकी 31 टक्के मालकांनी कुत्रा उलट अंगावर आल्याचे सांगितले. घरात लहान मूल असताना हा धोका कोणी का पत्करावा?

जुना_शिलेदार:
ज्या कुत्र्यांबद्दल तुम्ही लिहिता, ती वर्तनाच्या तक्रारीसाठीच उपचाराला आणलेली होती ना? मग ती आधीच बिघडलेली कुत्री झाली. माझ्या पाच कुत्र्यांपैकी एकानेही मला कधी दात लावला नाही.

कवडसा:
होय, ती तक्रार असलेलीच कुत्री होती. आपल्यासमोरचे पिल्लूही तक्रार असलेलेच आहे आणि दटावल्यावर, टिचकी मारल्यावर ते अधिक चवताळते असे स्वतः धागाकर्तीनेच लिहिले आहे. त्यामुळे ते आकडे याच पिल्लाला अधिक लागू पडतात.

रानवाट:
आमच्या नर कुत्र्याची नसबंदी केल्यावर तो बराच शांत झाला, त्यामुळे तुम्हीही त्याबद्दल पशुवैद्यांशी बोलावे. त्याचबरोबर खाणे बदलून पाहावे, कारण घरचे अन्न आणि तयार खाणे यांतील फरक अंगकांतीवर लगेच दिसतो. अंगावर कोंडा होत असेल तर मी अधिक सविस्तर लिहीन.

पाऊलखूण:
रानवाट, त्वचेबद्दल येथे कोणी विचारलेले नाही, आणि धागाकर्तीने अजून वयसुद्धा सांगितलेले नाही. पिल्लू दोन-तीन महिन्यांचे असेल तर त्याच्या चावण्याचा नसबंदीशी संबंध जोडता येत नाही. आधी माहिती येऊ द्यावी.

सांजवेळ:
सर्व प्रतिसाद वाचले. मी उपाय विचारला होता आणि येथे लांडग्यांवर चर्चा सुरू झाली आहे, त्यामुळे थोडी निराशा झाली. तरीही विचारलेली माहिती देते. ढब्या दहा आठवड्यांचा आहे. ओळखीच्या घरातून आणला तेव्हा तो पाच आठवड्यांचा होता, कारण त्यांना पिल्ले लवकर द्यायची होती. माझी मुलगी पाच वर्षांची आहे. पोटरीवर दोन बारीक छिद्रे पडली आणि थेंबभर रक्त आले, मी लगेच जंतुनाशक लावले. लसीकरण झालेले आहे. माझ्या वडिलांनी पूर्वी कुत्री पाळली आहेत. कुत्र्याला खाण्याचा लोभ राहू नये म्हणून ते ढब्या खात असताना त्याचे भांडे मध्येच उचलतात आणि थोड्या वेळाने परत देतात. पहिल्या आठवड्यात तो नुसता पाहत राहायचा, आता गुरगुरतो.

पाऊलखूण:
बाकी सर्व बाजूला ठेवून आधी हे वाचावे. ‘लसीकरण झालेले आहे’ म्हणजे नेमकी कोणती लस? या वयात दिलेली लस बहुधा पार्व्हो, डिस्टेंपर अशा रोगांवरची असते आणि रेबीजची लस साधारणपणे तीन महिन्यांच्या सुमारास देतात. त्यामुळे दहा आठवड्यांच्या पिल्लाला रेबीजपासून संरक्षण मिळालेले आहे असे धरून चालता येणार नाही, आणि पिल्लू लहान आहे म्हणून त्याला रेबीज होत नाही हा समजही चुकीचा आहे. रक्त आले आहे म्हणजे चावा त्वचेच्या आत गेला आहे. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण 15 मिनिटे धुवावी आणि मुलीला आजच डॉक्टरांकडे न्यावे. चावा काल झाला असला तरी आज जाण्यात अर्थ आहे. लस आणि गरज वाटल्यास जखमेत द्यायचे इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे) यांचा निर्णय डॉक्टर घेतील. पिल्लू निरोगी दिसत असले तरी चावल्यापासून दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवावे आणि या काळात ते कोणालाही देऊ नये. वर्तनाचे आपण नंतर पाहू.

सांजवेळ:
कार्ड काढून पाहिले. रेबीजची लस झालेली नाही, तिची तारीख पुढच्या महिन्यातली आहे. तीन आठवडे ते कार्ड माझ्याच कपाटात होते आणि हे माझ्या लक्षात आले नाही, याचे मला फार वाईट वाटते. आम्ही आत्ताच निघतो.

तिसरी_घंटा:
परत आल्यावर वाचावे म्हणून लिहून ठेवते. संध्याकाळच्या चावण्याबद्दल कोणीच बोललेले नाही आणि मला तर तेच मुख्य वाटते. एवढे लहान पिल्लू दिवसातले 18 ते 20 तास झोपते. झोप पुरी झाली नाही की ते सुस्त पडून राहत नाही, उलट चेकाळते, पळत सुटते आणि समोर येईल त्याला दात लावते. दमलेले लहान मूल झोपण्याऐवजी हट्टाला पेटते, तसेच हे आहे. तुमचा ढब्या दुपारनंतर किती वेळ झोपतो? दोन दिवस त्याच्या झोपेच्या वेळा कागदावर लिहून काढा. त्याच्यासाठी शांत, आडोशाची जागा ठेवा, तिथे मुलीने जाऊ नये, आणि जागे राहून तासभर झाला की त्याला तिथे नेऊन निजू द्या. अंधाऱ्या खोलीत शिक्षा म्हणून कोंडणे मात्र बंद करा, नाहीतर एकटे राहण्याचीच त्याला भीती बसेल.

अक्षांश:
याशिवाय एक अगदी सोपा उपाय आहे. पिल्लाने दात लावला की आपण दुसऱ्या पिल्लासारखे मोठ्याने कळवळून ओरडावे. भावंडांमध्ये खेळताना ते असेच शिकत असतात. आमच्याकडे चार दिवसांत फरक पडला.

तिसरी_घंटा:
तुमच्याकडे पडला असेल, पण अनेक पिल्ले त्या आवाजाने आणखी उत्तेजित होतात, आणि पाच वर्षांची मुलगी कळवळून ओरडत पळाली तर तिच्यामागे धावणे हा त्या पिल्लाला मोठाच खेळ वाटेल. ढब्या पाचव्या आठवड्यात भावंडांपासून तुटला. जबड्याचा जोर किती ठेवायचा हे पिल्ले आईच्या आणि भावंडांच्या सहवासातच बरेचसे शिकतात आणि ते शिकण्याचे आठवडे त्याच्या वाट्याला आलेच नाहीत. त्याला आता हे माणसांकडून शिकायचे आहे. म्हणून दात लागताक्षणी खेळ थांबवावा, आवाज न करता उठून दाराच्या किंवा आडव्या फळीच्या पलीकडे जावे, अर्ध्या मिनिटाने परत यावे आणि हातात चघळण्याचे खेळणे घेऊनच यावे. मुलीला झाडासारखे उभे राहायला शिकवा, म्हणजे हात छातीशी घट्ट, तोंड बंद आणि नजर जमिनीकडे. ती आणि पिल्लू एकत्र असताना मोठे माणूस हाताच्या अंतरावर हवेच.

अक्षांश:
हे मान्य आहे. माझ्या घरी लहान मूल नव्हते, हा फरक मी लक्षात घेतला नव्हता.

कवडसा:
आता खाण्याच्या भांड्याबद्दल लिहितो. माझ्या मते ही गुरगुर त्या पिल्लाला तुमच्या घरातच शिकवली गेली आहे, आणि हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही, कारण भांडे उचलण्याची ही पद्धत फार जुनी आहे आणि तुमच्या वडिलांनी ती चांगल्या हेतूनेच वापरली. पण पिल्लाच्या बाजूने पाहा. माणूस आला की अन्न जाते हा धडा त्याला रोज दोनदा मिळाला. आधी त्याने नुसते पाहिले, ते कोणाला कळले नाही, म्हणून तो आता गुरगुरतो. गुरगुरणे ही चावण्याआधीची सूचना आहे. ती मारून बंद केली तर मनातली भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी सूचना न देता थेट चावा येतो. म्हणून धडा उलटा करावा लागेल. तो खात असताना ज्या अंतरावर तो निवांत असतो, तेथून जाता जाता त्याच्या नेहमीच्या खाण्यापेक्षा चविष्ट असा एक तुकडा भांड्याकडे टाकावा आणि न थांबता निघून जावे. माणूस येताना दिसला की तो आशेने मान वर करू लागेल, त्यानंतरच एक पाऊल जवळ जावे. तोंडात नको ती वस्तू असेल तर हिसकावू नये, काहीतरी चांगले देऊन अदलाबदल करावी. मुलीला या सरावात अजिबात घेऊ नये.

जुना_शिलेदार:
भांडे उचलू नये हे मला पटत नाही, पण तुकडा टाकण्याला माझी हरकत नाही. मी एक वेगळे विचारतो. पट्टा घालू देत नाही असे पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे आणि त्यावर कोणीच काही बोललेले नाही. तो मान झटकतो का? कानाशी पाय नेऊन सारखा खाजवतो का? माझ्या तिसऱ्या कुत्रीने असाच पट्टा नाकारला होता आणि तिच्या कानात गोचिडीसारखे बारीक किडे झाले होते. दुखत असेल तर कोणतीही शिकवण कामी येणार नाही.

पाऊलखूण:
शिलेदारांचा हा मुद्दा सर्वांत मोलाचा आहे. कानातील माइट पिल्लांमध्ये नेहमी आढळतात, कानात कॉफीच्या चुऱ्यासारखा काळपट मळ दिसतो आणि उपचाराने ते बरे होतात. वर्तनाचा कोणताही कार्यक्रम सुरू करण्याआधी पशुवैद्यांकडून संपूर्ण तपासणी करून घ्यावी.

सांजवेळ:
चार दिवसांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व. मुलीला त्याच दिवशी लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दिले, तिसऱ्या दिवसाची मात्राही झाली आणि पुढची सातव्या दिवशी आहे. ती आता ठीक आहे. ढब्याच्या दोन्ही कानांत खरोखरच माइट निघाले. तो मान झटकायचा, पण पिल्ले अशीच करतात असे समजून मी ते येथे लिहिलेच नव्हते. शिलेदार, तुमचे मनापासून आभार. औषध चालू आहे आणि तोवर गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरतो.

झोपेची नोंद ठेवली. पहिल्या दिवशी तो दुपारी चारपासून रात्री नऊपर्यंत सलग जागा होता, कारण मुलगी शाळेतून आली की दोघे एकमेकांना सोडतच नाहीत. आता पाच वाजता त्याला माझ्या खोलीत नेऊन निजवते. पहिल्यांदा वीस मिनिटे कुरकुरला आणि मग जो झोपला तो सात वाजता उठला. त्या संध्याकाळी त्याने माझ्या ओढणीला दोनदा दात लावले, पायाला एकदाही नाही.

भांड्याचे मात्र अवघड आहे. मी दूर बसून नुसते पाहिले तेव्हा मला पहिल्यांदाच दिसले की गुरगुरण्याच्या कितीतरी आधी तो बोलत असतो. वडील दाराशी आले की त्याचा खाण्याचा वेग वाढतो, मग एकदम थांबतो, मान भांड्यातच ठेवतो, अंग लाकडासारखे ताठ होते आणि डोळा वडिलांकडे फिरून त्याचा पांढरा भाग दिसतो. हे सगळे दोन-तीन श्वासांत होते. मी वडिलांना शेजारी बसवून ते दाखवले. भांडे उचलणार नाही असे त्यांनी कबूल केले आहे, पण तुकडे टाकणे म्हणजे गुरगुरण्याला बक्षीस देणे, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांना काय सांगू?

कवडसा:
गुरगुरण्याआधीच्या अंतरावर उभे राहून टाकायचे आहे, असे सांगा. तो ताठ झाला असेल तर आपण फार जवळ आलो, एवढाच त्याचा अर्थ. तरीही गुरगुरलाच, तर तुकडा न टाकता शांतपणे मागे व्हावे आणि पुढच्या वेळी आणखी दोन पावले दूर थांबावे. तुमच्या ढब्याचे ते अंतर किती आहे?

सांजवेळ:
आज मोजले. माझ्यासाठी चार पावले आणि वडिलांसाठी दार. वडील दारातच उभे राहून तुकडा टाकायला तयार झाले आहेत. सकाळी पहिला तुकडा भांड्यापासून बराच लांब पडला, ढब्याने तो जाऊन खाल्ला आणि भांड्याकडे परतण्याआधी दाराकडे वळून पाहिले.