'नाइटफॉल'मधले तुकडे गाळायचे म्हणणाऱ्यांना

जुनी_कॅसेट:
परवा इथे एकाने लिहिलं होतं: "ब्लाइंड गार्डियनचा 'नाइटफॉल इन मिडल-अर्थ' म्हणजे ११ गाणी आणि ११ अडथळे. ती कुजबुज, त्या किंचाळ्या काढा, मग खरा अल्बम ऐकू येईल." तिथे चार ओळी लिहायला बसलो, त्या आवरेनात. म्हणून वेगळा धागा. नव्यांसाठी: ब्लाइंड गार्डियन हा जर्मन मेटल बँड, अल्बममध्ये टॉल्किनच्या 'द सिल्मरिलियन' या पुस्तकातली गोष्ट, आणि हे 'अडथळे' म्हणजे गाण्यांच्या मधले संवादांचे, आवाजांचे छोटे तुकडे.

हा 'खरा अल्बम' मी सहा वर्षं ऐकलाय. मित्राने ६० मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून दिला होता. अल्बम ६५ मिनिटांचा, म्हणून त्याने सगळे तुकडे गाळले. तरी दुसरी बाजू पुरेना, तेव्हा 'द एल्दार' उचलून पहिल्या बाजूच्या शेवटी, 'मिरर मिरर'च्या मागे टाकलं. मला तो क्रम तोंडपाठ होता. पण 'मिरर मिरर'चा तो उसळता कोरस संपतो न संपतो तोच पियानो सुरू व्हायचा, आणि मला वाटायचं, बँडने दम खायला एक संथ गाणं घातलंय.

पुढे सीडी हाती आली. 'थॉर्न' संपलं, 'द एल्दार' आलं, आणि त्यामागून 'नोम द वाइज'. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा शोक. नोम म्हणजे शहाणपण, माणसांनी फिनरॉड या एल्फला दिलेलं नाव. बेरेन नावाच्या माणसासाठी जीव देणारा तो राजा. सहा वर्षं ज्याला मी दम खाण्याचं गाणं समजत होतो, ते त्या राजाचं मरण होतं. त्या रात्री मी पुढचं गाणं लावलं नाही.

'लॅमॉथ' या तुकड्याचंही तेच. 'इन्टु द स्टॉर्म'मध्ये गोष्टीतला खलनायक मॉर्गोथ आणि उंगोलियांत नावाची राक्षसी कोळीण चोरलेल्या रत्नांवरून भांडतात, आणि ती त्याला आवळते तेव्हाची त्याची ती किंचाळी आहे. ती गाळली की भांडण अधांतरी राहतं. अकराही तुकडे मिळून आठ मिनिटं होत नाहीत. तेवढाही धीर नसेल तर हा अल्बम ऐकूच नये.

डबल_किक:
तो 'एकाने' म्हणजे मी. सरळ नाव घ्यायचं होतं.

धीराचं मला सांगू नका. १९९८ साली अल्बम आला तेव्हापासून ऐकतोय. मुद्दा साधा आहे. गाण्यात जे सांगता येत नाही ते निवेदकाकडून वदवून घ्यायचं, ही गीतकाराची हार आहे. गिटारचा पहिला रिफ कानावर पडायच्या आधी जवळजवळ दोन मिनिटं मॉर्गोथ आणि त्याचा सेनापती सॉरोन यांचा संवाद. कशासाठी?

आणि गोष्टीचं एवढं कौतुक असेल तर क्रम बघा. 'मिरर मिरर' म्हणजे गोंडोलिन या गुप्त नगरीची उभारणी. त्यानंतर येतं 'नोल्दोर', म्हणजे एल्फ राजा फिंगोल्फिनची बर्फावरची वाटचाल. पुस्तकात बर्फ आधी, गोंडोलिन नंतर. तुमच्या मित्राने कॅसेटवर क्रम फिरवला तर तो गुन्हा, बँडने फिरवला तर कला?

सात_किल्ल्या:
डबल_किकला +१. हेलोवीन या बँडने १९८८ मध्ये 'कीपर' अल्बमच्या दुसऱ्या भागात १३ मिनिटांचं शीर्षकगीत केलं. सगळी गोष्ट गायक किस्के एकटा गातो, निवेदक लागत नाही. तोवर पॉवर मेटलचा साचा पक्का झाला होता. बाकीच्यांनी त्यात पाणी भरलं.

चार_तारा:
अवांतर करतो, माफ करा. तुकडे राहू देत, आधी बास गिटार कुठे गेली ते सांगा.

गायक हान्सी क्युर्शने गाण्याकडेच लक्ष द्यायचं म्हणून या अल्बमपासून बास खाली ठेवला. ऑलिव्हर होल्झवार्थने वाजवला, आणि चोख वाजवलाय. पण गिटारींच्या थरांवर कोरसचे थर, आणि सगळ्यांच्या तळाशी तो गाडलेला. मी बास वाजवतो. 'टाइम स्टँड्स स्टिल' बसवायचं होतं तेव्हा तीन आठवडे हेडफोन घालून ती ओळ शोधत होतो. शेवटी आमचा गिटारवाला म्हणाला, "नुसता मूळ स्वर धर, कुणाला कळतंय!" ते वाक्य अजून टोचतं. आणि निर्माता रासमुसेनचा हात असल्यावर दुसरं काय होणार? मेटॅलिकाच्या 'जस्टिस' अल्बममधला बास गायब करणारा तोच ना?

गंजलेली_तार:
थांबा. ही थाप किती वर्षं चालणार? 'जस्टिस'चं ध्वनिमुद्रण फ्लेमिंग रासमुसेनचं, पण मिक्स, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज कमीजास्त करून जुळवणं, थॉम्पसन आणि बार्बिएरोचं. बास दाबला गेला तो मिक्समध्ये, आणि बँडला तो तसाच हवा होता. शिवाय ब्लाइंड गार्डियनचाच १९९५ चा 'इमॅजिनेशन्स' रासमुसेनकडेच झाला, तिथे बास नीट ऐकू येतो. माहिती नसताना माणसाच्या नावाला काळं फासू नका.

चार_तारा:
मिक्सचं मान्य, चुकलो. पण मग 'नाइटफॉल'मध्ये बास का नाही ऐकू येत, हे सांगा की. नंतर नव्याने मिक्स केलेली आवृत्ती काढलीच ना? सगळं जागच्या जागी असतं तर कशाला काढली असती?

गंजलेली_तार:
ती नवी आवृत्ती ऐकलीत का कधी शेवटपर्यंत? मूळ आवाजात धुकं आहे आणि ते धुकं त्या गोष्टीचं आहे. नव्यात सगळं लख्ख धुऊन ठेवलंय. तुमच्या एका वाद्यासाठी अख्ख्या अल्बमचा रंग उडवायचा?

चार_तारा:
"तुमचं एक वाद्य." बरोबर, आमचा गिटारवालाही हेच म्हणायचा. तुम्ही गिटारच वाजवत असणार.

जुनी_कॅसेट:
दोघांनीही बासचा वेगळा धागा काढा. इथे विषय तुकड्यांचा आहे.

डबल_किक, क्रमाचा मुद्दा खरा आहे. त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मला 'नोल्दोर' नेहमी आठवणीसारखं वाटतं, फिंगोल्फिन मागे वळून पाहतोय असं. कारण त्याच्या पुढेच 'बॅटल ऑफ सडन फ्लेम' आणि मग 'टाइम स्टँड्स स्टिल', जिथे तो एकटा मॉर्गोथच्या दाराशी जाऊन त्याला ललकारतो. मरायला निघालेल्या माणसाला बर्फ आठवणारच. पण हे माझं वाचन आहे, पुरावा नाही.

तो पाऊण मिनिटाचा तुकडा मात्र सोडणार नाही. त्यात आग लागते, मॉर्गोथच्या किल्ल्याभोवतीचा एल्फांचा वेढा मोडतो. त्याशिवाय फिंगोल्फिन घोड्यावर का बसला हे कळतच नाही, नुसता वेगवान रिफ उरतो.

डबल_किक:
नुसता वेगवान रिफ मला पुरतो. मी पुस्तक वाचलं ते अल्बमनंतर दहा वर्षांनी, आणि पुस्तकाशिवायच 'द एल्दार' ऐकून रडलोय. वडील गेले त्या आठवड्यात. तेव्हा फिनरॉड कोण हे मला माहीत नव्हतं. म्हणून सांगतो, गाणं स्वतःच्या पायावर उभं राहतं.

जुनी_कॅसेट:
हे आधी का नाही लिहिलंत? यावर वाद घालणार नाही.

एकच विचारतो. त्या आठवड्यात ते गाणं संपल्यावर अल्बम बंद केलात का?

डबल_किक:
नाही. तसाच चालू राहिला.

ठीक आहे. आज रात्री पुन्हा लावून पाहिलं, शफल बंद करून. 'लॅमॉथ' ठेवा. बाकी दहा काढा.

जुनी_कॅसेट:
आणि 'नोम द वाइज'?

डबल_किक:
नऊ काढा.